रानडुकराच्या खांद्यावरचे ठिगळ

मित्रांनो, मी चांदमारीचा एक जुना कागद आहे. चांदमारी म्हणजे शिपाई बंदुकीचा नेम धरायला शिकतात ती जागा. तिथे लाकडी चौकटीवर चित्राचा कागद ताणून लावतात आणि त्यावर गोळ्या झाडतात. माझ्यावर रानडुकराचे चित्र आहे. उभे राहिलेले केस, वाकडा सुळा आणि एक बारीक डोळा. ज्याने ते काढले त्याने मन लावून काढले होते. तरी मला पाहून कुणी सुंदर म्हणाले नाही. सुंदर वाघ होता.

वाघ आणि मी पुण्याच्या एकाच छापखान्यात, एकाच दिवशी छापले गेलो. त्याला पिवळा रंग मिळाला, तांबडा मिळाला, पायाखाली हिरवे गवतसुद्धा मिळाले. मला नुसती काळी शाई. त्या दिवसापासून मी त्याचा हेवा करत आलो. हे सांगायला बरे वाटत नाही, पण आयुष्य सांगायचे तर ते वगळता येणार नाही.

साधारण एकोणीसशे अठ्ठावीस साली आम्ही भोर संस्थानात आलो. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी चांदमारी होती. वाघ सरदार-पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असे. तो कापडात गुंडाळून पेटीत झोपायचा. मी रोजच्या शिपायांचा. उन्हात उभा राहायचो आणि गोळ्या खायचो.

आमच्या चौकटीखाली खंदक होता. त्यात सावळाराम बसत. गोळीबार थांबला की चौकट खाली ओढायची, भोके मोजायची, नेम लागला तर पांढरा बावटा दाखवायचा, चुकला तर लाल, आणि मग प्रत्येक भोकावर कागदाचे ठिगळ लावायचे, एवढे त्यांचे काम. करवंटीत कणकेची खळ असे. ठिगळाच्या पाठीला अंगठ्याने खळ फासून ते माझ्यावर दाबत आणि वाळावे म्हणून त्यावर हळूच फुंकर घालत. त्या फुंकरीसाठी मी पुढच्या गोळीची वाट पाहत असे. वाघाला ती क्वचितच मिळे, पण तेव्हा मला तिची पुरती किंमत कळली नव्हती. मला पेटी हवी होती.

एकतीस सालच्या थंडीत शिपायांची शर्यत लागली. जो पहिला येईल त्याला संस्थानच्या शिकारखान्यात कायमची जागा मिळणार होती. शर्यत माझ्यावर होती, म्हणून त्या दिवशी मी फार खुशीत होतो. शेवटी कोंडिबा आला. तो विंझरच्या वरच्या वाडीचा, मेंढरांमागे वाढलेला. तो पालथा पडला आणि त्याने सावकाश पाच गोळ्या झाडल्या.

पहिली गोळी माझ्या खांद्यातून गेली. दुसरी त्याच भोकातून गेली. तिसरीही. चौथी आणि पाचवी येताना मला काही नवीन लागलेच नाही, फक्त भोकाची कड थोडी फाटली. इतका सुरेख नेम माझ्यावर कधी कुणी धरला नव्हता. आता मला काचेत बसवतील, असे मला वाटले.

तेवढ्यात वरून ओरडा आला. पाहुणे आनंदराव आले होते आणि त्यांना वाघ हवा होता.

"सावळाराम, डुक्कर काढ. वाघ लाव लवकर."

सावळारामांनी मला खाली ओढले. त्यांना एकच भोक दिसले. एरवी एका भोकातून जास्त गोळ्या गेल्या का हे कळावे म्हणून ते भोकात करंगळी घालून पाहत, त्या दिवशी पाहिले नाही. त्यांनी एकदा पांढरा बावटा दाखवला आणि चार वेळा लाल. मोठेसे ठिगळ दाबले, मला बाजूला ठेवले आणि वाघाची पेटी उघडली. त्या दिवशी मला फुंकर मिळाली नाही.

वर हशा पिकला. कुंडलिक नावाचा शिपाई म्हणाला, "कोंडिबा, बाकीच्या चार कुठं गेल्या रं? इंझरला म्हातारीला भेटाया?"

कोंडिबाने बंदूक पुसून जागेवर ठेवली आणि दोन दिवसांनी नोकरी सोडून तो वाडीला गेला. आनंदरावांची एक गोळी वाघाच्या छातीला लागली, आणि वाघ सोनेरी चौकटीत, काचेमागे, कचेरीच्या भिंतीवर गेला. मला वाटले, मी फाटून तरी जावे.

आठवड्याने सावळाराम मागच्या मातीच्या बांधातून शिसे उकरत होते. माझ्या खांद्याच्या अगदी मागे त्यांना एक गोळा सापडला. पाच गोळ्या एकमेकींत रुतून बसल्या होत्या. ते बराच वेळ खंदकात बसून राहिले. मग त्यांनी मला गुंडाळले आणि घरी नेऊन फडताळामागे ठेवले. ते कुणाला काही बोलले नाहीत. घरी आई नसलेली चार वर्षांची मुलगी, रतन, होती, आणि चूक कबूल करणाऱ्या माणसाला खंदकात कोण ठेवणार?

पंधरा वर्षे मी त्या अंधारात होतो. वाघावर ऊन पडत असेल, लोक त्याच्याकडे मान वर करून पाहत असतील, हेच मनात येई. सावळाराम वर्षातून एकदा मला बाहेर काढत, कसर लागली का पाहत आणि पुन्हा ठेवून देत. मी त्यांच्यावरही रागावलो होतो.

शेहेचाळीस साली ते गेले. शेवटच्या तापात ते एकच वाक्य बोलत होते, "रतन, कोंडिबाला डुक्कर दाव." घरच्यांना वाटले, तापात बरळतात. तेराव्यानंतर फडताळ सरकवले तेव्हा मी सापडलो, माझ्या गुंडाळीत तो शिशाचा गोळाही होता.

सगुणाआत्या म्हणाल्या, "डुकराचं चितार कशाला ठिवलं हाय घरात? घाल बंबात, पाणी तरी तापंल."

"असू दे आत्या," रतनबाई म्हणाली. "दादांनी सांगितलं होतं ते हेच."

तिने मला दारातल्या उजेडात धरले. बाकी ठिगळे नखाएवढी होती, खांद्यावरचे मोठे होते. कोंडिबाच्या हुकलेल्या चार गोळ्यांची थट्टा तिने लहानपणापासून ऐकली होती; ती त्या ठिगळाकडे आणि हातातल्या गोळ्याकडे पाहत राहिली. मग तिने मला वडिलांच्या उपरण्यात गुंडाळले. कापूरहोळपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने ती मला घेऊन विंझरला गेली, तिथून पायी वर वाडीला.

कोंडिबाचे केस पिकले होते. रतनबाईने सांगायचे ते थोडक्यात सांगितले. काही लपवले नाही, वडिलांची बाजूही घेतली नाही. कोंडिबाने नखाने ठिगळाची कड उचलली आणि ते अख्खे सोडवले. भोकात अंगठा घातला. अंगठा आरपार गेला.

"पाची," तो म्हणाला. अंगठा बाहेर काढून म्हणाला, "म्या त्या दिसापास्नं बंदूक हातात धरली न्हाई. लांडगा आला तरी काठीच. म्हनलं, आपला डोळाच खोटा."

"दादांनी सांगायला हवं होतं," रतनबाई म्हणाली.

"व्हय, सांगाया पायजे हुतं." तो गोळा तळहातावर फिरवत राहिला. "तू तवा एवढीशी हुतीस. गोळीबार थांबला की खंदकाच्या कडंला बसून चिंचोके खेळायचीस. काडला असता त्याला, तर कुठं गेला असता तुला घिऊन?"

रतनबाईने मान खाली घातली. सावळाराम गेल्यापासून ती रडलेली मी पाहिली नव्हती. तेव्हाही ती आवाज न करता रडली. कोंडिबा मुद्दाम दुसरीकडे, मेंढरांकडे पाहत राहिला.

निघताना तो म्हणाला, "डुक्कर माज्यापाशी ऱ्हाऊ दे. हे तू ने." त्याने सोडवलेले ठिगळ तिच्या हातावर ठेवले. ठिगळाच्या पाठीवर, भोकाच्या जागी, वाळलेल्या खळीत एक अंगठा उमटला होता, रेघान् रेघ स्पष्ट. सावळारामांचा एकही फोटो कधी काढलेला नव्हता. रतनबाईने आपला अंगठा त्यावर टेकवला आणि मग ते ठिगळ पदराच्या टोकात बांधले.

आता मी कोंडिबाच्या भिंतीवर आहे. काच नाही, चौकट नाही. वाडीतली माणसे येतात, भोकात बोट घालतात आणि "पाची?" म्हणून विचारतात. मला हवे होते ते मिळाले. कचेरीतल्या वाघाची आठवण आता महिना-महिना येत नाही. हेवा मात्र सुटलेला नाही. तो त्या ठिगळाचा वाटतो. इतकी वर्षे ते माझ्या अंगावर होते, आणि त्याच्या पाठीवर काय आहे हे मला कळले नाही.

मित्रांनो, कुठलेही भोक बुजवण्याआधी त्यात एकदा बोट घालून पाहा. कुणी कितीही घाई करो. आणि घरातला जुना कागद बंबात घालण्यापूर्वी त्याची मागची बाजू उजेडात धरा.