चारचे अडुसष्ट

नांदेडच्या बाहेर माळावर एक केंद्र आहे. उपग्रहात बसवायची इलेक्ट्रॉनिक्स तिथं आणतात, प्रोटॉनच्या झोतासमोर ठेवतात आणि बघत बसतात, टिकतंय का वेड लागतंय. आकाशातून असे बारीक कण आपल्या सगळ्यांवरच पडत असतात, पण अगदी तुरळक. इथं कित्येक वर्षांचे कण तासाभरात ओततात.

सुदर्शन लातूरहून पहिल्या एसटीनं आला होता, मांडीवर खोकं घेऊन. खोक्यात उपग्रहाचं काही नव्हतं. औषधाचे दोन पंप होते. पेशंटच्या नसेत तासाला किती औषध सोडायचं, ते मोजून सोडणारं, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्यानं स्वतः बनवलेलं. मुरुडला बारावी झाली तेवढीच, बाकी सगळं मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आणि इंटरनेटवर शिकला.

असाच एक पंप दोन वर्षांपूर्वी मुखेडच्या एका दवाखान्यात माणिकप्पांच्या हाताला लागला होता. लावायला सुदर्शन स्वतःच गेला होता. म्हाताऱ्याचा रक्तदाब पार तळाला, तरी सुदर्शनलाच विचारतो, "पोरा, ह्याच्यात भजनं लागतेत का?" सगळे हसले होते. औषध तासाला चार मिलि. नर्स उज्वलाताई डबा खायला गेली, परत येऊन बघते तर पडद्यावर अडुसष्ट.

माणिकप्पा गेले.

पंपाला दोनच बटनं, वर आणि खाली. वरचं दाबून धरलं की आकडा पळतो. चौकशीत ठरलं की उज्वलाताईनं जेवायला जायच्या आधी ते दाबून धरलं असणार. सुदर्शनला बोलावलं होतं. त्यानं पंप उघडून तपासला आणि सांगितलं, "पंप ठीक आहे." ठीकच होता. उज्वलाताईची नोकरी गेली.

पण अडुसष्ट त्याच्या मानगुटीवर बसलं.

पन्नास का नाही? सत्तर का नाही? खताच्या पोत्यावर अडुसष्ट दिसायचं, पुढच्या ट्रकवर अडुसष्ट दिसायचं. एक दिवस जेवताना त्याच्या डोक्यात आलं, चार आणि चौसष्ट. यंत्राच्या पोटात आकडा म्हणजे दिव्यांची एक ओळ असते. पहिला दिवा एकचा, मग दोनचा, चारचा, आठचा, असं दुप्पट दुप्पट. चार म्हणजे फक्त चारचा दिवा चालू. त्यात एखाद्या कणानं जाता जाता चौसष्टचा दिवा लावला, की झाले अडुसष्ट. कोणाचं बोट न लागता. पंप बंद करून चालू केला की सगळं परत जागेवर, शोधून सापडणार नाही.

त्याचा घास तोंडातच राहिला. कारण पुढचं त्याला एकट्यालाच माहीत होतं.

सुरुवातीला त्यानं पंपाला एक राखण दिली होती. आकडा दोन जागी ठेवायचा, सेकंदाला जुळवून बघायचा, जुळला नाही तर थांबायचं आणि बोंब मारायची. पण मुखेडची लाईट अशी की दिवसातून दहा वेळा फडफडते. प्रत्येक फडफडीला पंप उगाच बोंबलायचा. उज्वलाताईचाच फोन आला होता, "सुदर्शन, तुझं हे लेकरू दिवसभर रडून राहिलंय. पेशंट भिऊन राहिलेत. तोंड बंद कर बाबा त्याचं!"

लाईटचा बंदोबस्त करायला आठवडा लागला असता. त्यानं प्रोग्राममधली ती जुळवून बघायची एक ओळच काढून टाकली. पाच मिनिटांचं काम. ताईनं वर पेढे पाठवले होते.

आता खोक्यात दोन पंप होते. डाव्यात ती ओळ परत टाकलेली. उजवा माणिकप्पांच्या पंपासारखा, मुका.

झोत चालवणारे बसवंतमामा उदगीरकडचे. रिटायर व्हायला सहा महिने राहिलेले. "उपग्रहवाले लवकर आटपले म्हणून तुला जागा घावली," ते म्हणाले. "न्हाईतर सलाईनला कोण इचारतंय हितं?"

दोघांनी पंप स्टँडवर बसवले, नळ्यांची तोंडं दोन काचेच्या पेल्यांत सोडली. औषधाऐवजी साधं पाणी. दोन्ही पडद्यांवर चार. किरणं बाहेर येऊ नयेत म्हणून खोलीच्या भिंती पुरुषभर जाड, यायची वाट नागमोडी. निघायच्या आधी मामा एकेका कोपऱ्यात गेले, तिथलं, कोपरा रिकामा असल्याचं बाहेर कळवणारं बटन दाबलं आणि दर वेळी मोठ्यानं ओरडले, "कोण हाय का आत?"

"मामा, आपण दोघंच तर होतो."

"दोघं हाव म्हणून तर इचारायलो. तिसरा असला तर त्यानं बोलाय नको का?"

मामा आपल्याच बोलण्यावर हसले. सुदर्शनला हसू आलं नाही.

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर दोन्ही पंप दिसत होते, ऐकूही येत होते. झोत सुरू झाला आणि चित्रावर पांढरे ठिपके उडायला लागले, कोणी मूठ मूठ तांदूळ फेकावेत तसे. झोताचा आवाज मात्र कसलाच नाही.

"कॅमेऱ्यालाबी कण लागायलेत," मामा म्हणाले. "भिऊ नको."

सात मिनिटांनी डावा पंप बोंबलला आणि थांबला. मामांनी बाहेरूनच बंद करून चालू केला. मग उजव्याच्या चारचे पाच झाले. आवाज नाही. पाणी पडत राहिलं. परत चालू केला. चारचे वीस. आवाज नाही. डावा आणखी तीनदा ओरडला, तीनदा थांबला. उजवा प्रत्येक वेळी गुपचूप आकडा बदलायचा आणि इमानदारीनं तेवढं पाणी सोडायचा. त्याचं ते इमान सुदर्शनला बघवेना.

दुसऱ्या तासाला उजव्या पडद्यावर अडुसष्ट आलं.

इतका वेळ पाऊण मिनिटाला एक थेंब पडत होता. आता टप. टप. टप. एक झाला की लगेच दुसरा. खोली रिकामी, दार बंद, जवळ कोणी नाही. ठिपक्यांच्या गर्दीत सुदर्शनला पेल्याच्या जागी हात दिसायला लागला, म्हाताऱ्याचा, पालथा, नसा वर आलेला. त्यानं डोळे चोळले. हात जाईना.

"मामा, बंद करा."

"आरं, अजून टाइम हाय तुझा."

"बंद करा म्हणतो ना!"

मामांनी झोत बंद केला. ठिपके थांबले, पेला परत पेलाच झाला. सुदर्शननं घाम पुसला आणि मामांना सगळं सांगून टाकलं, पेढ्यांसकट.

मामांनी अहवालाचा कोरा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "अहवालात काय लिवायचं, सांग. कणानं आकडा बदलला, एवढंच लिवलं तर ती बाई सुटती. तूबी सुटतोस. आभाळाला कोण कोर्टात नेतंय?"

सुदर्शनलाही तेच सुचलं होतं. मामांच्या आधीच सुचलं होतं, त्याचीच त्याला लाज वाटली.

"ओळीचं पण लिहा," तो म्हणाला. "कोणी काढली तेही."

पंप काही परत मिळाले नाहीत. झोताखालचं सामान किरणं सोडतं, काही दिवस शिशाच्या कपाटात राहतं. हातात फक्त अहवालाची चार पानं घेऊन तो मुखेडच्या गाडीत बसला.

उज्वलाताई आता तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. दुपार कलली होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कण, दिवा, अडुसष्ट, काढलेली ओळ.

"तुम्ही दाबलं नाही, ताई. कोणीच दाबलं नाही. दोष माझा आहे. दवाखान्यात, पोलिसांत, माणिकप्पांच्या घरी, सगळीकडं मी सांगणार आहे."

ताईनं पानं उलटून बघितली. तिला राग येईल, ती तोंडावर कागद फेकेल, अशा तयारीनं तो उभा होता.

"तू चुकून राहिलास," ती हळूच म्हणाली. "म्या दाबलंय."

"ताई, मी डोळ्यांनी बघितलंय आज."

"म्याबी बघितलंय. अंगठ्याखाली बटन होतं. आकडा पळून राहिला होता, साठ, एकसष्ट, बासष्ट. सोडीन सोडीन म्हणत होते."

"तुम्ही तर डबा खायला गेला होता ना?"

"हाव. मेथीची भाजी होती. शेजारच्या सिस्टरनं लोणचं दिलं." ती अंगठ्याकडं बघत होती. "तेबी आठवतंय, अन् हेबी आठवतंय. पयल्यांदा न्हवतं आठवत. चौकशीत म्या न्हाईच म्हणले होते. पण समदे रोज सांगायला लागले, तू दाबलंस, तू दाबलंस. मग एक दिवस आठवलं. तवापासून रोज दाबून राहिले."

या दोन वर्षांत सुदर्शन एका मेलेल्या माणसाचाच हिशोब करत होता. हे जिवंत माणूस त्यात धरलंच नव्हतं.

ताईनं स्टूल पुढं सरकवलं. "बस. वाच ते."

तो बसला. इंग्रजीतलं मराठी करत करत त्यानं वाचलं की आकडा बदलला तेव्हा यंत्राजवळ कोणी नव्हतं आणि कोणतंही बटन दाबलं गेलेलं नव्हतं.

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. बाहेरून एक जण सातबारा घेऊन पायरी चढला. "बाई, दोन कापी काढा."

"मशीन बंद हाय," ताई म्हणाली, आणि मान सुदर्शनकडं वळवली. "तू वाच."