शिलाईतला पाव इंच

ऑर्फाने आठवा त्रिकोण कार्डावर ठेवला आणि तो कडेच्या बाहेर गेला. तिने सगळे तुकडे पुन्हा सरकवून पाहिले. गोधडीवर डोळे मिटून जोडावी अशी ही साधी भिंगरीची नक्षी, पण कार्डावर काही मावेना.

टेबलापलीकडून तिची लेक लव्हॉन तिच्या हातांकडे टक लावून बघत होती. विचिटा शहरातून ती मुद्दाम आली होती. सकाळी गाडीतच तिने आईला बजावलं होतं, की चर्चच्या बायकांत बसून दोन तास नीट काम करून दाखव, मग मी वृद्धाश्रमाचं नाव काढणार नाही. मार्चमध्ये ऑर्फा शेगडीवर किटली विसरली होती. लेकीला तेवढं निमित्त पुरलं.

चर्चच्या तळघरात सहाजणी जुन्या वॉलपेपरच्या नि भेटवस्तूंच्या कागदांच्या तुकड्यांतून गोधडीच्या नक्षीची कार्डं करत होत्या, गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी. एरवी इथे कुणाच्या तोंडाला खीळ नसायची. आज कॉफी ओतल्याचाही आवाज मोठा वाटत होता.

ऑर्फाने नवा कागद घेतला, पट्टी लावली, पुन्हा आठ त्रिकोण कापले. तेही मोठेच निघाले.

"आई, राहू दे."

"थांब गं जरा."

"दोनदा चुकलंय. नमुना समोर असून!"

ऑर्फाचे कान लाल झाले. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. चाळीस वर्षं गावातल्या पोरींच्या लग्नाच्या गोधड्या तिने बेतल्या, आणि आज कागदाचे आठ तुकडे जमेनात.

शेजारच्या विल्माला राहवेना. तिने एक तुकडा ओढला, नमुन्याचा त्रिकोण त्यावर मधोमध ठेवला. मग दुसऱ्या तुकड्यावर ठेवला. आणि खो खो हसत सुटली.

"अगं ऑर्फा, तिन्ही बाजूंनी पाव इंच! शिलाईसाठी सोडलायस! कागद काय शिवणारेस, बाई?"

"मी पण पहिल्या दिवशी हेच केलं होतं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्याच हसल्या.

ऑर्फाने पट्टी लावून एकेक तुकडा मोजला. सोळाच्या सोळा सारखे, केसाचाही फरक नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

"बघ, लव्हॉन. हात काही विसरले नाहीत. आता तुझा तो विषय बंद."

लव्हॉन हसली नाही. उठून ती आईच्या शेजारी येऊन बसली आणि हलक्या आवाजात बोलली.

"मी काल वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही केली, आई. तुझी मुखत्यार म्हणून. सोमवारी खोली मिळतेय."

ऑर्फाने हातातली पट्टी खाली ठेवली.

"मग आज इथं कशाला बसवलंस मला?"

"वाटलं, तू चुकशील." लव्हॉनचा आवाज चिरकला. "म्हणजे मला इतकं वाईट वाटणार नाही."

ऑर्फाने लेकीच्या बाहीला चिकटलेले कागदाचे कपटे झटकले.

"आधी सांगायचंस ना गं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी खरंच चुकले असते."