शेपटीतले चार रिव्हेट

हँगरच्या दारावर फ्लाइंग क्लबचं पत्रक चिकटवलेलं होतं. आर्डिसने ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता. ‘आपले लाइल टॉलेफसन यांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये, नऊ वर्षं एकट्याने खपून, विमान तयार केलं आहे. आज नाश्त्यानंतर पहिलं उड्डाण. या काळात त्यांच्या पत्नी आर्डिस यांनी पाजलेल्या कॉफीचेही आभार!’

कॉफी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षांत गॅरेजमधली कॉफी लाइलच करायचा, आणि तीही जळकी. तिच्या हाताला कॉफी करायला सवड होती कुठे? ती विमानाच्या पोटात असायची.

सुट्या भागांच्या खोक्यांतून विमान आलं तेव्हा त्यांच्या दोन्ही गाड्या गॅरेजबाहेर गेल्या त्या गेल्याच. विस्कॉन्सिनचे नऊ हिवाळे आर्डिसने रोज सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत काढले, कारण काय, तर आत साहेबांचे पंख वाळत होते. एक पंख तर चक्क जेवणाच्या खोलीत होता. तेही तिने सोसलं. सोसलं म्हणण्यापेक्षा, खरं सांगायचं तर, तिला ते आवडायला लागलं होतं. म्हणूनच तर आज इतकं झोंबलं.

विमानाच्या पत्र्याला रिव्हेट मारायचा तर माणसं दोन लागतात. एकाने बाहेरून हवेची गन चालवायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. गनचा मार बसला की रिव्हेटचं आतलं टोक ठोकळ्यावर चेपून बटणासारखं बसतं. ते बसलं की नाही हे फक्त आतल्या माणसाला दिसतं. लाइल अंगाने दांडगा, आर्डिस चणीने लहान. त्यामुळे आत कोण जाणार हा प्रश्न त्या घरात कधी निघालाच नाही. शेपटीकडची बाजू म्हणजे नुसती निमुळती नळी. तिच्यात फळी टाकून आर्डिस पालथी पडायची, कानांत बोळे, दातांत टॉर्च. आणि प्रत्येक रिव्हेटनंतर आतून ओरडायची. तीनच शब्द होते. ‘बरा’, म्हणजे पुढे चल. ‘अजून’, म्हणजे आणखी एक मार दे. आणि ‘काढ’, म्हणजे वाया गेला, ड्रिलने काढून दुसरा घाल. हजारो रिव्हेट त्या दोघांनी असे मारले. पत्रकात त्याचं काय झालं? कॉफी झाली.

आत पॅनकेकचा घमघमाट सुटला होता. क्लबच्या नाश्त्याच्या दिवशी हँगरमध्ये मोठा तवा लागायचा, आजूबाजूच्या गावांतून माणसं विमानं घेऊन उतरायची आणि सिरपात बोटं माखून घ्यायची. तव्यावर वेंडेल होता, त्यांचा शेजारी. मागे, टेबलांच्या पलीकडे, लाल आणि पांढऱ्या रंगातलं त्यांचं विमान उभं होतं. भोवती ही गर्दी.

“ये आर्डिस, ये,” वेंडेल म्हणाला. “काय गं, तोंड का असं? सासू आल्यासारखं?”

“पत्रक वाचलं.”

“ते होय! हार्लनने लिहिलंय. त्याला विमानाचं पुढचं मागचं कळत नाही म्हणून तर अध्यक्ष केलाय त्याला. आता बघ, मीसुद्धा या विमानाला हात लावलाय. माझं नाव आहे का कुठे?”

“तू नक्की कशाला हात लावलास?”

“अगं, शेपटीवरचं ते झाकण! तू बहिणीकडे गेली होतीस ना डुलुथला, तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला? तेव्हा मी आणि लाइलने, बाहेरूनच बसतात त्या रिव्हेटांनी, एका दुपारीत ठोकून बंद केलं. दोन बियर, की काम खलास.”

आर्डिसने पुढे केलेली ताटली तशीच राहिली. “आणि झाकणाच्या आधी ते चार काढलेत ना?”

“कुठले चार?” वेंडेलने पॅनकेक उलटला.

ते चार तिला आपल्या दातांइतके ओळखीचे होते. शेपटीच्या मुळाशी, जिथे उभा पंख सांगाड्याला धरलेला असतो, तिथे ठोकळा नीट टेकायला जागाच नव्हती. चारही रिव्हेट आडवे पडले. ती चारदा ‘काढ’ म्हणून ओरडली होती. लाइलची बोटं गारठली होती, तो म्हणाला होता, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तिला बहिणीकडे जावं लागलं. परत आली तर झाकण बंद, वर रंगाचा हातही फिरलेला. ते चार रे, असं तिने विचारलं होतं. केले गं, वेंडेल आला होता मदतीला, असं तो म्हणाला होता. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला होता. आणि तिने विश्वास ठेवला होता, कारण नवऱ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

लाइल माणसांच्या घोळक्यात उभा राहून रंगात आला होता. तिसऱ्यांदा घेतलेले पॅनकेक हातात, आणि तोंडाने पंखाची कथा चालू. आर्डिसने त्याची बाही धरली आणि त्याला विमानाच्या मागे ओढत नेलं.

“ते चार रिव्हेट काढले होतेस का?”

“कुठले गं?”

“कुठले ते तुला चांगलं माहीत आहे.”

लाइलने ताटलीतल्या सॉसेजकडे बघितलं. सॉसेजने काही मदत केली नाही. “अगं, ते ठीक होते. मी बाहेरून नीट बघितले होते.”

“बाहेरून? बाहेरून डोकं दिसतं, लाइल! आतलं टोक मी बघितलं होतं. चारही आडवे पडलेत. आणि तू मला सांगितलंस, केले म्हणून.”

“हळू बोल ना. इन्स्पेक्टरने विमान पास केलंय.”

“इन्स्पेक्टरला बंद झाकणाखालचं दिसतं का? तुझ्या शेपटीला वर गेल्यावर काही झालं तर काय करशील? उतरून ढकलशील?”

लाइलने एक मोठा श्वास घेतला आणि चेहऱ्यावर ते समजूतदार हसू आणलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात आर्डिसला त्याच्या सगळ्या तऱ्हांची सवय झाली होती, या हसण्याची तेवढी झाली नव्हती.

“मला कळतंय तू का चिडलीस,” तो म्हणाला. “ते पत्रक. चुकलंच त्यांचं. मी हार्लनला सांगतो, पुढच्या महिन्यात तुझंही नाव टाक म्हणून. झालं?”

पत्रकाचा राग होताच, तो काही खोटा नव्हता. पण या माणसाने तो एक राग उचलला आणि दुसऱ्यावर झाकणासारखा ठोकून बसवला. आता ती काहीही म्हणाली असती तरी ते रुसवाच ठरणार होतं. तिने आवाज चढवला असता तर म्हणे बायको भडकली, आणि हळू बोलली असती तर म्हणे आली ताळ्यावर.

“लाइल, मी तुला सांगतेय, आज जाऊ नकोस.”

“माणसं कुठून कुठून आलीत, वारा पडलाय, आणि तू म्हणतेस जाऊ नकोस. तुझ्या पोटात गोळा आलाय, एवढंच.” त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. “जा, कॉफी घे थोडी.”

ती हार्लनकडे गेली. क्लबचा अध्यक्ष आहे, निदान उड्डाण तरी थांबवेल, अशी वेडी आशा. हार्लनने तिचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, “पहिल्या उड्डाणाच्या दिवशी बायका घाबरतातच, आर्डिस. आमच्या हिने तर माझ्या गाडीची किल्ली लपवली होती. तू खुर्ची घे, सावलीत बस.”

बस म्हणे! आर्डिसने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. बसा म्हणून सांगायचं काम आजवर तिचं होतं. ती खुर्चीच्या बाजूने गेली, लाइलच्या अवजारांच्या पेटीपाशी थांबली, ड्रिल उचललं आणि विमानाच्या शेपटीकडे चालू लागली. तो रंग लाइलने महिनाभर घासून चकचकीत केला होता. त्यावर तिने ड्रिलचं टोक टेकवलं आणि बटण दाबलं.

त्या आवाजाने हँगरमधले सगळे काटे ताटल्यांवर थांबले. लाल रंगाच्या कपच्या उडाल्या. झाकणाच्या पहिल्या रिव्हेटचं डोकं सुटून जमिनीवर पडलं तेव्हा ती दुसऱ्यावर होती.

“अगं ए! वेड लागलं का तुला?” लाइल ताटली टाकून धावत आला. “रंग! माझा रंग!”

“मागे हो!”

हा बसमधला आवाज होता. मागच्या बाकावर मारामाऱ्या करणारी दांडगी पोरं या आवाजाला जागच्या जागी गार व्हायची. लाइल मागे झाला. त्याच्याबरोबर हँगरमधली झाडून सगळी माणसं पाऊलभर मागे झाली, त्यात हार्लनही होता.

“एकट्याने बांधलंय ना यानं?” ती हात न थांबवता म्हणाली. “मग एकट्याला ठाऊक असायला हवं आत काय आहे ते. विचारा त्याला! नऊ वर्षांत एकदा तरी हा आत शिरलाय का, विचारा!”

लाइलचा चेहरा विमानाच्या लाल रंगाशी जुळला होता. “सगळ्यांसमोर माझी शोभा करतेस,” तो दातओठ खात म्हणाला.

“सगळ्यांसमोर मरणार होतास. त्यापेक्षा शोभा बरी.”

तेवढ्यात वेंडेलने तवा बंद केला, हात पुसले आणि पेटीतलं दुसरं ड्रिल घेऊन तो झाकणाच्या पलीकडच्या कडेला उभा राहिला. “मला हा चार-बिर काही बोललाच नव्हता,” तो लाइलकडे न बघता म्हणाला. “बोलला असता तर मी ठोकलं असतं का?” मग दोघांनी मिळून दोन्ही बाजूंनी झाकण सोडवत आणलं. पॅनकेक गार झाले.

झाकण उचलून बाजूला ठेवल्यावर आर्डिसने स्वतः आत बघितलंच नाही. तिने टॉर्च लाइलच्या हातात दिला. “बघ.”

लाइल वाकला. पुष्कळ वेळ वाकून राहिला. चारही रिव्हेट एका अंगावर लोळले होते, ऊन लागून कलंडलेल्या मेणबत्त्यांसारखे. त्याने लांब स्क्रूड्रायव्हर आत घालून एकाला टोक लावलं, तर तो हलला. त्याने पुन्हा टोक लावलं. तो पुन्हा हलला. तो खुळखुळ आवाज पहिल्या टेबलापर्यंत गेला असावा, कारण तिथे कुणीतरी शिवी हासडली.

“मी करणार होतो,” लाइल शेवटी म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. “मग कंटाळा आला. मला वाटलं, तू उगाच फार बारीक बघतेस.”

“बारीक बघायलाच आत घातलं होतंस ना मला?”

हार्लन दारापाशी जाऊन पत्रक नखाने सोडवायला लागला, तेव्हा आर्डिस तिथूनच ओरडली, “राहू दे ते! वाचायचं त्यांनी वाचलंय.”

वेंडेलने ते चार रिव्हेट काढून टाकले आणि सैल झालेल्या भोकांसाठी पेटीतून एक माप मोठे आणून ठेवले. आजचं उड्डाण तर गेलंच होतं. तरी माणसं हलेनात. झाकण उघडं असलं तरी वरून ठोकळा धरणारा हात पोचत नव्हता, आणि आत माणूस शिरला की वरून रिव्हेटचं टोकही दिसणार नव्हतं. ठोकळा धरायला आतूनच जावं लागणार होतं. लाइलने गन उचलली, हवेची नळी जोडली आणि सवयीने आर्डिसकडे बघून म्हणाला, “चल, शीर आत. उरकून टाकू.”

मघाशी वाटलं होतं की राग सगळा ओतून झाला. झाला नव्हता. आर्डिस त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याच्या हातातून गन काढून घेतली.

“तू शीर.”

“मी? अगं, मी मावणार नाही त्यात!”

“ते तिसऱ्यांदा पॅनकेक घेताना आठवायचं.”

“आर्डिस, चेष्टा पुरे.”

“मी चेष्टा करतेय असं वाटतं तुला?”

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि टोपी काढली. मग तो कॉकपिटमधून, खुर्च्यांच्या मागच्या भोकातून, डोकं पुढे घालून आत सरकू लागला. पोटापाशी अडकला. वेंडेलने त्याचे बूट धरून ढकललं. आतून कण्हणं आलं, कुठेतरी शर्ट फाटल्याचा आवाज आला, आणि हळूहळू बूटही दिसेनासे झाले. कुणी हसलं नाही, म्हणजे आर्डिसच्या देखत नाही.

“इथे काही दिसत नाही,” पत्र्याच्या आतून लाइलचा आवाज आला.

“टॉर्च दातात धर.”

“मान वळत नाहीये.”

“वळत नाहीच.”

“श्वास घ्यायला जागा नाही गं.”

“नसतेच. ठोकळा लावलास?”

“लावला.”

आर्डिसने पहिला रिव्हेट भोकात सरकवला, गन टेकवली आणि खटका ओढला. बाहेर तो आवाज नुसता मोठा वाटायचा. आत काय वाटतं ते तिला ठाऊक होतं, आता आणखी एका माणसाला ठाऊक झालं. तिने खटका सोडला.

“काय?” तिने विचारलं.

“कानठळ्या बसल्या माझ्या. थांब.”

“काय झालं ते सांग.”

“बरा आहे. बरा असावा.”

“असावा नको मला. बरा, अजून, की काढ?”

सगळा हँगर कान देऊन उभा होता. फळी करकरली, टॉर्चचा उजेड उघड्या झाकणातून इकडचा तिकडे झाला. आर्डिसला माहीत होतं तो आता काय करतोय. पालथा पडून, मान मोडत, नाक त्या टोकाला लावून बघतोय.

“काढ,” लाइल आतून म्हणाला.

आर्डिसने गन खाली ठेवली आणि ड्रिल उचललं.