थोराड कोकरू

मित्रांनो, आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभा असलेला एक लांबट गोठा आहे. त्यातल्या शेवटच्या कप्प्यात बारा वर्षांची एक ठिपक्यांची मेंढी बसलेली असते. ती मी. माझे नाव फ्लेक्का. आमच्याकडे प्रत्येक मेंढीला नाव असते आणि हाक मारली की आम्ही वळून बघतो, मनात असेल तर.

माझी आई बर्फाच्या वादळात गेली. तेव्हा मी दोन दिवसांची होते. गोठ्याच्या मालकाने, केतिलने, मला कोटात घालून घरी आणले आणि स्वयंपाकघरात चुलीशेजारी बाटलीने वाढवले. मोठी झाल्यावर मी लागोपाठ चार वर्षे जुळी दिली. शरद ऋतूत डोंगरावरून सगळ्या गावाच्या मेंढ्या खाली आणतात, तेव्हा लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही केतिलची लेकच!" मी मान ताठ करून चालायचे.

मग केतिलची पाठ धरली आणि गोठा त्याच्या मुलीकडे, सोलरूनकडे आला. सोलरून दुपारी शाळेची बस चालवते, उरलेला वेळ आमच्यात असते. तिने मार्चमध्ये सगळ्या मेंढ्यांची सोनोग्राफी करून घेतली. माझ्या पोटावर यंत्र फिरवून तपासणारी बाई म्हणाली, "हिला एकच." सोलरूनने माझ्या पाठीवर निळी रेघ मारली आणि मला मागच्या कप्प्यात हलवले. तिथे जाडेभरडे गवत मिळायचे, खुराक अजिबात नाही. शेजारच्या कप्प्यात जुळीवाल्या मेंढ्या मासळीचे कूट घातलेला खुराक मचामचा खायच्या.

केतिलला ते बघवले नाही. "उपाशी मारतेस का तिला?" तो म्हणाला.

"उपाशी नाही पब्बी," सोलरून वडिलांना म्हणाली, "बेताने. शेवटच्या दीड महिन्यात कोकरू झपाट्याने वाढतं. एकटंच असलं की आईला दिलेलं सगळं त्यालाच. मग ते बाहेर यायचं कुठून?"

"पन्नास वर्षं मेंढ्या पाळल्यात मी. तू मला शिकवू नकोस."

सोलरून बस घेऊन गेली की तो यायचा. खिशातून लोणी लावलेला काळा ब्रेड काढायचा, वर दोन मुठी खुराक. "खा गं माझी बाय," म्हणायचा. आणि मी खायचे. खोटे कशाला सांगू, तो दिसला की मी कठड्यावर पाय ठेवून ओरडायचे. एप्रिल संपता संपता मला उठताना धाप लागू लागली. सोलरून माझ्या कुशीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळीच, मला कळा सुरू झाल्या. बाहेर अवकाळी बर्फ पडत होते. पाणमोट फुटली. एक तास गेला, दुसराही गेला. सोलरूनने हात धुऊन आत घातला आणि तिचा चेहरा पडला.

"नाक आहे. पाय एकच. दुसरा मागे अडकलाय. आणि डोकं केवढं आहे हे!"

तिने गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या घाटापलीकडे होत्या. बर्फातून यायला दोन तास लागणार होते. एव्हाना कोकराची जीभ बाहेर आली होती, सुजून जांभळी पडली होती.

केतिल दारात उभा होता. "पब्बी, डोकं धर हिचं," सोलरून म्हणाली. त्याने धरले.

"ब्रेड दिला मी हिला," तो एकदम म्हणाला. "रोज. खुराकही."

सोलरूनचा हात आतल्या आत थांबला. "कधीपासून?"

"तू रेघ मारलीस त्या दिवसापासून."

मग ती म्हणाली, "ते नंतर. आता हिचे मागचे पाय वर उचल. कोकरू जरा आत सरकलं तरच मला जागा मिळेल."

मोडकी पाठ घेऊन त्याने मला उचलले. मी उलटी लोंबकळत होते, छातीत श्वास मावत नव्हता. सोलरूनने डोके मागे रेटले, दोरीचा फास पायात अडकवला. "अजून थोडं, पब्बी!" तो कण्हत होता, मी कण्हत होते. दुसरा पाय आला. त्याने मला खाली ठेवले, मी उरलेले सगळे बळ लावले आणि ते थोराड पोर एकदम बाहेर घसरले.

ते हलत नव्हते. सोलरूनने नाकातोंडातला चिकटा काढला, गवताने अंग घासले, तोंडात फुंकर घातली. पुन्हा घासले. पुन्हा फुंकले.

"सोड आता, पोरी," केतिल हळूच म्हणाला.

तिने ते तराजूच्या आकड्याला लावले. सव्वासात किलो. आमच्याकडची कोकरे चार किलोची असतात. इतके देखणे कोकरू मी आयुष्यात दिले नव्हते. मी त्याला चाटत राहिले.

थोड्याच वेळात शेजारच्या कप्प्यात एका मेंढीला तिळी झाली. तिसरे पिल्लू मुठीएवढे होते, आईला सड दोनच, त्याला जागाच नव्हती. सोलरूनने माझ्या वारेचे पाणी त्याच्या अंगाला चोळले. केतिल पाठमोरा होऊन दाराकडे निघाला होता.

"कुठे चाललास? याला कासेशी धरायला माणूस हवंय."

"मी? मी काय करून ठेवलंय, बघितलंस ना?"

"बघितलं. आणि उचललंस तेही बघितलं. ये, धर."

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने पिल्लाचे तोंड माझ्या कासेला लावले. वास माझा होता, पोर माझे नव्हते. मित्रांनो, ते मला पहिल्याच क्षणी कळले. तरी मी पाय हलवला नाही.

पुढच्या वर्षी मला पुन्हा एकच होते. केतिल रोज गवत तोलून टाकायचा आणि मी रोज त्याच्या नावाने बोंब मारायचे. तो ऐकायचा, डोळे पुसायचा, पण जास्तीची काडीही द्यायचा नाही. साडेचार किलोचे कोकरू झाले, तासाभरात उभे राहिले.

आज मी म्हातारी आहे, मागचा एक पाय ओढत चालते. तुमच्याकडे एवढेच मागते. आमच्यावर माया करा, पण हातात घास घेऊन येण्याआधी आमच्या पोटात कोण आहे, किती आहेत, ते विचारून या. आम्ही तर ओरडणारच. आम्हाला थांबता येत नाही, तुम्हाला येते.