‘पाय ठीक’

मी एक जुनी, भरलेली वही आहे. दिसायला साधी, पण स्वभावाने संशयी. मित्रांनो, माझ्यात जे लिहिलं गेलं ते तुमच्या अंगावर लिहिलं असतं, तर तुम्हीही संशयी झाला असता.

तळेगाव स्टेशनजवळच्या दुकानातून तेजलने मला घेतलं. ती तिकोणा पेठ गावची, बारावीत शिकणारी, लांब पल्ल्याची धावपटू. तिने पट्टी घेऊन माझ्यावर रकाने आखले: तारीख, अंतर, वेळ, सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी आणि शेवटी ‘पाय’. ही पद्धत तिच्या रखमाजी सरांची. सर लोणावळ्याचे. दर रविवारी ते मुलांना तुंगार्लीच्या चढावर पळवायचे. बाकीचे दिवस तेजल पवना धरणाच्या रस्त्यावर एकटीच धावायची, आणि त्या दिवसांत काय झालं ते सरांना फक्त माझ्यातून कळायचं. मला त्याचा फार अभिमान होता.

सुरुवातीचे महिने झकास गेले. धावून आली की ती लगेच लिहायला बसायची. ‘आठ किलोमीटर. वारा समोरून. पोटरी जड.’ सर सगळ्यांसमोर मला उंच धरून म्हणायचे, "वही कशी ठेवावी, ते हिच्याकडून शिका." मी फुगून जायचे.

गणपती झाले आणि कुठेतरी पाणी मुरायला लागलं. तेजल मला आठवडाभर हातच लावेना. शनिवारी संध्याकाळी बसायची आणि सगळा आठवडा एका दमात, एकाच पेनाने, सुबक अक्षरात लिहून काढायची. नाडी रोज चोपन्न. पाय रोज ठीक. अहो, भिंतीवरचं घड्याळसुद्धा आठवड्यात मिनिटभर मागेपुढे होतं!

मग मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. तेजलची आई अनिता धरणाकाठी पर्यटकांच्या तंबूंवर स्वयंपाक करते. ती येता-जाता मला उचलायची, पानांवरून बोट फिरवायची. मला वाटे, ही पाळत ठेवते आहे. पोरीचं धावणं बंद करायला निमित्त शोधते आहे.

एकदा ती म्हणाली, "आगं, लंगडतीयास तू. सरांना सांगितलंस का?"

"सांगितलंय की. वहीत लिवलंय," तेजल म्हणाली.

माझ्यात! माझ्यात तर त्याचा एक शब्द नव्हता. वर माझंच नाव पुढे करून आईची समजूत काढली होती. मला संताप आला.

आता सगळी भिस्त सरांवर होती. पण तिथेही तीच गत. चौदा वह्या पुढ्यात घेऊन बसायचे, पान उघडायचे, ‘छान’ लिहायचे, सही करायचे, झालं. मी नीट लक्ष ठेवून पाहिलं. त्यांची नजर रकान्यांवरून फिरतच नव्हती.

राज्याच्या संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली. सरांच्या यादीत तेजलचं नाव पहिलं होतं. त्या रविवारी तंबूंचा किराणा आणायला निघालेल्या टेम्पोतून अनिता लोणावळ्याला आली आणि थेट सरांपुढे उभी राहिली.

"सर, तेजलच्या पायाचं वहीत लिवलंय म्हनं. मंग तुमी काय विलाज सांगितला? मी आपली रोज करंजाचं तेल चोळती, पर सूज काय उतरंना."

सरांनी मला उघडलं आणि कितीतरी दिवसांनी खरोखर वाचलं. ठीक, ठीक, ठीक. प्रत्येक पानाखाली त्यांचं स्वतःचं ‘छान’. त्यांचा चेहरा उतरला.

"तेजल, हे काय आहे?"

तेजल खाली बघत म्हणाली, "गणपतीच्या आधी आपल्यातल्या अमृतने वहीत ‘गुडघा दुखतो’ असं लिहिलं होतं, सर. तुम्ही त्याच दिवशी चाचणीच्या यादीतून त्याचं नाव खोडलंत. त्याला काही विचारलंसुद्धा नाही."

सर माझी मागची पानं उलटू लागले. अनिता म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई सर. तरी रोज बगायची, पायाचं कुटं लिवलंय त्ये."

मित्रांनो, तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. एवढा संशय घेऊन मी नेमकी त्या एकाच माणसाबाबत चुकले होते.

तळेगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. नडगीच्या हाडाला बारीक भेग होती. धावणं सहा आठवडे बंद. चाचणी हुकली. तेजल मला छातीशी धरून खूप रडली. मलाही वाईट वाटलं, पण हाड मोडलं नाही म्हणून जीवही भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, ‘धावले नाही. पाय दुखतो.’ पुढच्या रविवारी आईसोबत ती मला घेऊन सरांकडे गेली. अमृतही वही घेऊन आला होता. त्याला सरांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. सरांनी तेजलचं पान वाचलं. ‘छान’ लिहिलं नाही. लिहिलं, ‘कुठे दुखतो? नुसतं चालतानाही दुखतो का?’

आता तेजल पुन्हा धावते. तिची दुसरी वही चालू आहे आणि मी फळीवर धूळ खात पडले आहे. पडल्या पडल्या एवढंच सांगते. वही ठेवा, आणि जे झालं तेच लिहा. पण कोणाची वही तुमच्या हाती आली, तर दुखणं लिहिणाऱ्याची आधी विचारपूस करा; नाव खोडायला पेन नंतरही मिळेल. खरं लिहिणाऱ्याला एकदा शिक्षा झाली, की पुढची सगळी पानं सुबक येतात.