चांदणी लावलेला शब्द

पक्षाघाताचा झटका आला आणि कस्तुराबाईंचं बोलणं गेलं. गाणं तेवढं राहिलं. पाणीसुद्धा हाताने मागायच्या. पण नातवाच्या, सोनूच्या बारशाला त्यांनी रचलेला पाळणा सुनेने, दीक्षाने सुरू केला, की पुढची ओळ झऱ्यासारखी यायची.

त्या पाळण्यात घरातल्या सगळ्यांची नावं होती. दीक्षाचं नव्हतं. कस्तुराबाईंनी आपल्या भावाची लेक सून करायची ठरवलेली असताना त्यांच्या मुलाने, धम्मरत्नने हिला दिघीच्या घरात आणलं, तेव्हापासून ती नुसती 'अगं ए'. सून म्हणून हाक कधीच नाही.

तिच्या चाकणच्या कंपनीत झेक यंत्रं यायची, म्हणून दीक्षा ऑनलाइन झेक शिकत होती. एकदा सरांनी स्क्रीनवरच्या फळ्यावर 'स्नुखा' लिहिलं आणि त्याच्या आधी चांदणी काढली.

"झेक स्नाखा, रशियन स्नोखा, संस्कृत स्नुषा, आपली सून. सगळ्या एका कुळातल्या. फळ्यावरचा हा स्लाव भाषांच्या आदिभाषेतला शब्द. तो कुणी ऐकला नाही, कुठे लिहिलेला सापडला नाही. लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा काढलाय. म्हणून चांदणी."

"सर, पण तो आला कशातून?"

"कुणी म्हणतं मुलगा या शब्दातून, कुणी म्हणतं बांधण्यातून. खात्री कुणालाच नाही."

रात्री तिने हे सांगितलं तेव्हा धम्मरत्न हसला. "आई हाक मारीना, तर तू रशियापर्यंत चौकशी करून आलीस व्हय!"

दीक्षा हसली नाही. पाळण्यात धम्मरत्नची ओळ संपली की कस्तुराबाई थोडं गुणगुणायच्या, मग सोनूवर यायच्या. तिथं एक ओळ असणार, गिळलेली. मागच्यापुढच्या ओळींवरून दीक्षाने ती जुळवली.

"धम्मरत्न माझा दारीचा पिंपळ..." ती गायली.

"...पानापानांतून वारा गं वाहतो," कस्तुराबाईंनी पुरं केलं, आणि गुणगुणू लागल्या.

"सून माझी दीक्षा सावली गं त्याची..."

गुणगुणणं थांबलं.

बुद्धविहारात सोबत गाणाऱ्या साऱ्या बायांना ठाऊक होतं: कस्तुराबाईंच्या गाण्यात कुणी आपली ओळ घातली, की ते गाणं त्या पुन्हा तोंडात घेत नसत. दीक्षालाही ठाऊक होतं. आशेपायी विसरली.

"आत्याबाई, चुकलं माझं. तुमची ओळ म्हणा ना. कसली का असंना."

दुसऱ्या दिवशी तिने पिंपळाची ओळ धरली, तिसऱ्या दिवशी पुन्हा धरली. पुढून काही आलं नाही. शिफ्टवरून आल्यावर धम्मरत्न दारातच विचारायचा, "गायली का आई?" मग तोही विचारीनासा झाला.

कस्तुराबाईंनी हात उचलला. दीक्षाने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला.