टाकीची गवसणी

नांदूर नाक्यावर, औरंगाबाद रोडला लागून रंगनाथ पगारेचं दुकान होतं. ट्रकच्या ताडपत्र्या, पिकअपचे हूड, ट्रॅक्टरच्या सीटा असलं जाडंभरडं काम तो पस्तीस वर्षं करत आला होता. बारीक काम घेऊन कोणी आलंच, तर तो मान वर न करता पलीकडच्या टेलरकडे बोट दाखवायचा. ‘आपली सुई बैलाच्या कातड्याची, तिला मलमल दाखवू नये,’ असं त्याचं म्हणणं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी एक बाई दुकानासमोर स्कूटर उभी करून उतरल्या. पायाशी, फूटबोर्डवर, गोधडीत गुंडाळून दोरीने बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, जपून आणलं आणि फळीवर आडवं ठेवलं. गोधडी उलगडली तर आत काळी, गुळगुळीत, कलिंगडाहून थोडी लांब अशी टाकी. वर पितळी तोंड, फिरवायची चावी आणि घड्याळासारखा काटा.

रंगनाथचा चेहराच उतरला. “घरी कोणी आजारी हाय का, मॅडम?”

“नाही हो. ऑक्सिजन नाही हा. साधी हवा आहे, पण दाबून भरलेली. एअर रायफलला लागते.”

बाईंचं नाव संजना बोरस्ते. सायखेड्याच्या शाळेत गणित शिकवायच्या. बेदाण्याची एक पडून असलेली शेड मागून घेऊन त्यांनी तिथं नेमबाजीचा वर्ग सुरू केला होता. सात मुली यायच्या. बंदुकीच्या पोटाखाली हवेची छोटी नळकांडी असते, ती या मोठ्या टाकीवरून भरायची, आणि मोठी टाकी रिकामी झाली की सातपूरला जाऊन भरून आणायची. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून ती घेऊन दिली होती.

“मागच्या खेपेला चांदोरीजवळ गतिरोधकावर ही पायातून निसटली,” मॅडम म्हणाल्या. “गडगडत पार कडेच्या गवतात गेली. एक ट्रकवाला उडी मारून पळाला. त्याला वाटलं बॉम्ब आहे.”

रंगनाथला हसू आलं, पण मॅडम हसत नव्हत्या.

“टाकीला काही झालं नाही. तपासून घेतली. पण त्या दिवसापासून ही घेऊन निघाले की माझा जीव मुठीत असतो. मला हिच्यासाठी एक बॅग शिवून द्या. तयार कुठेच मिळत नाही. चार ठिकाणी विचारलं, सगळ्यांनी हात वर केले.”

हे शेवटचं वाक्य रंगनाथला लागलं. त्याने टेप काढली, टाकीची उंची घेतली, घेर घेतला, तोंडाची रुंदी घेतली आणि खडूने फळीवर आकडे लिहिले. “म्हणजे गवसणी म्हणा ना. तबल्याला असती तशी. पुढल्या सोमवारी या.”

सोमवारी गवसणी तयार होती. काळं जाड रेक्झिन, तळाला प्लायवूडची गोल चकती, वर दुमडायचं झाकण, दोन पट्टे. हूडला घालतात तशी दुहेरी शिवण, त्यामुळे ती नुसतीही ताठ उभी राहायची. मॅडमनी टाकी आत घातली, झाकण लावलं, “छान झालीय हो,” म्हणाल्या आणि गेल्या. रंगनाथने तो दिवस जरा ताठ मानेनं काढला.

पंधरा दिवसांनी तो एका टेम्पोचा हूड ताणत शिडीवर उभा होता. तिथून त्याला मॅडमची स्कूटर येताना दिसली. फूटबोर्डवर तीच गोधडी, तीच दोरी. आणि त्याची गवसणी मागच्या हुकाला लोंबत होती. तिच्यातून पाण्याच्या बाटल्यांची तोंडं बाहेर डोकावत होती.

तो शिडीवरून उतरला आणि थेट रस्त्यावर जाऊन हात आडवा केला.

मॅडम थांबल्या. त्यांचा चेहरा लाल झाला. “भाऊ, मी तुम्हाला सांगणारच होते.”

“मग सांगा की. बाटल्या ठेवायला शिवली व्हती का मी ती?”

मॅडमनी सांगितलं. टाकीचा तळ गोल. सपाट चकतीवर ती टेकतच नाही, आतल्या आत डुलते आणि काटा भिंतीवर आपटतो. हवा किती उरली ते बघायला दर वेळी झाकण काढावं लागतं, आणि भरायची म्हटलं की अख्खी टाकी बाहेर काढावी लागते. पट्टे खांद्यात रुततात. “काम पक्कं आहे तुमचं, त्यात वादच नाही. मलाच आधी नीट सांगता आलं नाही.”

“टाकी आणली, मी मापं घेतली. यात तुमची काय चूक?” रंगनाथ म्हणाला. बाटल्या काढून त्याने स्कूटरच्या डिकीत ठेवल्या आणि गवसणी परत घेतली. “ही ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. दुसरी करतो.”

बोलायला बोलला, पण संध्याकाळी घरी गेला तेव्हा तोंड पडलेलंच होतं. फुलाबाईने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, “कोणाशी भांडलात का?”

“भांडायला समोर कोणी तरी लागतं,” असं म्हणून त्याने सगळी हकिगत सांगितली. पस्तीस वर्षांत त्याची शिवलेली वस्तू वापराविना परत आली नव्हती. सायखेड्याचं नाव निघालं तशी फुलाबाई सावरून बसली, कारण तिचं माहेर तिथलंच.

“आमच्या गावात पोरींना बंदुका शिकवतात?”

“तुमच्या गावचं काही सांगू नको. मला त्या गोल बुडाचं सांग. सपाट करावं तर डुलतं, घट्ट करावं तर आत जात नाही.”

फुलाबाईने गवसणीत हात घालून आतली चकती चाचपली. मग ती नवऱ्याकडे असं बघत राहिली, की रंगनाथला आपण मिशीला चहा लावून बसलोय की काय असं वाटलं.

“अहो, हंड्याचं बूड कसं असतं?”

“गोल.”

“आन् नदीवरून तीन-तीन हंडे आणायचो आम्ही, ते काय डोक्याला खिळे मारून? चुंबळ घाला की खाली.”

रंगनाथने कप खाली ठेवला. चिंधीचा पीळ घालून केलेलं, जिलबीच्या कड्यासारखं ते वेटोळं त्याने जन्मभर बायकांच्या डोक्यावर पाहिलं होतं. त्याच्या आईची चुंबळ लाल काठाची होती, तेही त्याला आठवलं.

“काखेत कळसा आन् गावाला वळसा,” तो म्हणाला.

“कळसा न्हाय, टाकी,” फुलाबाई म्हणाली आणि पोळ्या लाटायला उठली.

दुसऱ्या दिवसापासून रंगनाथने ट्रकवाल्यांना पुढच्या तारखा द्यायला सुरुवात केली. तो आधी चुंबळीच्या मागे लागला. जुन्या ट्यूबचं वेटोळं केलं, त्यावर फोम गुंडाळला, वरून कापडाची पट्टी आवळून शिवली. फुलाबाई दुपारी डबा घेऊन आली तेव्हा तिने ती हातात घेऊन दाबली. “लय कडक. मान मोडंल.” पुन्हा उसवली. तिसऱ्या खेपेला तिने ती डोक्यावर ठेवली, दुकानातला पाण्याचा हंडा वर चढवला आणि दोन्ही हात सोडून नाक्यापर्यंत जाऊन आली. हंडा हलला नाही. समोरच्या पंक्चरवाल्याने टाळी वाजवली.

बाकीचं काम मग सुचत गेलं. पट्ट्यांना त्याने भंगारातल्या जीपचे सीटबेल्ट लावले आणि खांद्यावर येतात तिथं फोमची गादी दिली. हूडच्या मागच्या खिडकीला जे पारदर्शक प्लास्टिक घालतात, त्याचा तळहाताएवढा तुकडा काट्यासमोर बसवला. झाकण अशा बेताने कापलं की चेन अर्धी उघडली तरी चावी आणि तोंड मोकळं व्हावं. नळीला बाहेरून वेगळा कप्पा. कापडही काळं नको म्हणून फुलाबाईने गठ्ठ्यातून नारिंगी ताडपत्री ओढून काढली. “पडली तर लांबून दिसंल तरी.”

आता राहिली परीक्षा. खरी टाकी आपटून बघायची सोय नव्हती. रंगनाथने विचार केला आणि नाक्यावरून टाकीच्या अंगाची तीन लांबट कलिंगडं आणली. पहिलं गवसणीत घातलं, चेन लावली आणि शिडीच्या चौथ्या पायरीवरून सोडून दिलं. आतून ‘फस्’ असा आवाज आला. बाजूच्या कडेला फोम कमी पडला होता. पंक्चरवाला, चहावाला आणि हूड बघायला आलेले दोन ड्रायव्हर अशा सगळ्यांनी मिळून ते कलिंगड संपवलं. रंगनाथने गवसणी धुतली, वाळवली, कडेला आणखी एक थर दिला.

दुसऱ्या दिवशी दुसरं कलिंगड. तेही तडकलं, पण नुसतंच चिरलं. तेही खाल्लं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर बारा-पंधरा माणसं जमली होती. ज्यांचं काही काम नव्हतं तीही होती. रंगनाथ पाचव्या पायरीवर चढला आणि त्याने हात सोडला. गवसणी चुंबळीवर आपटली, एकदा उसळली, आडवी होऊन थोडी घरंगळली. सगळे पुढे सरकले. फुलाबाईने चेन उघडून कलिंगड बाहेर काढलं, कानाशी धरून टिचकी मारली आणि चारी बाजूंनी फिरवून दाखवलं. ओरखडासुद्धा नव्हता.

“खायचं नाय का मग आज?” एका ड्रायव्हरने विचारलं. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. शेवटी तेही चिरलं.

रविवारी सकाळी रंगनाथ आणि फुलाबाई मोटरसायकलवर सायखेड्याला निघाले. गवसणी तिच्या मांडीवर होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांची काढणी चालली होती, आणि ती प्रत्येक ओळखीच्या बागेचं नाव सांगत होती.

शेडमध्ये एका टोकाला टेबलं, दुसऱ्या टोकाला दहा मीटरवर कागदी टार्गेटं. मॅडमनी टाकी गवसणीत घातली. ती आत गेली, चुंबळीवर बसली आणि हलली नाही. वैष्णवी नावाच्या एका उंच मुलीने अर्धी चेन उघडली, नळी जोडली, चावी हळूच फिरवली आणि खिडकीतून काट्याकडे बघत बंदुकीची नळकांडी भरली. टाकी जागची काढावी लागली नाही.

मॅडमनी पट्टे खांद्यावर चढवले आणि शेडभर एक चक्कर मारली. मग वर्गात बोलावं तशा ठासून म्हणाल्या, “आता गोधडी घरी जाणार.” मुली हसल्या. प्रत्येकीने एकेकदा टाकी पाठीला लावून पाहिली.

“काका, तुम्ही मारून बघा ना,” वैष्णवी म्हणाली.

रंगनाथला खुर्चीवर बसवलं, बंदूक स्टँडवर टेकवली, डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. त्याने पाच छर्रे मारले. टार्गेट आणलं तर त्यावर एकच भोक, तेही कोपऱ्यात. “बाकीचे चार कुठं गेले?” त्याने विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं.

“मला एकदा द्या,” फुलाबाई म्हणाली. आत्तापर्यंत ती मागे बाकावर बसून होती. तिने पदर खोचला, बसली आणि बराच वेळ काहीच केलं नाही. पहिला छर्रा काळ्या गोलाच्या बाहेर गेला. तिने विचारलं, “खाली गेला का?” मुलींनी हो म्हटलं. नंतरचे चार तिने घाई न करता मारले. कागद जवळ आला तेव्हा मॅडम चष्मा पुसून परत वाचायला लागल्या. आठ, आठ, नऊ, नऊ.

“मावशी, आधी कुठे शिकलात?”

“इथंच,” फुलाबाई म्हणाली. “या शेडच्या मागं आमचं वावर होतं. बाजरीवर पाखरं यायची. माळ्यावर उभं राहून दिवसभर गोफण चालवायची. मारायचं नसायचं, नुसतं शेजारून धोंडा गेला पाहिजे. त्याला जास्त नेम लागतो.”

रंगनाथ तिच्याकडे बघत राहिला. चौतीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्याने ऐकलेली नव्हती. सुईत दोरा ओवायला तिला त्याला हाक मारावी लागायची, म्हणून तिची नजर कमी असाच त्याचा समज होता. दूरचं तिला एवढं दिसतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“पंचावन्नच्या वरच्यांचा वेगळा गट असतो स्पर्धेत,” मॅडम म्हणाल्या. “दर रविवारी आलात तर मी शिकवीन. खरंच सांगते.”

फुलाबाई नवऱ्याकडे बघेल असं सगळ्यांना वाटलं. तिने बघितलं नाही. “किती वाजता यायचं?” तिने विचारलं.

परतताना तिने चांदोरीपर्यंत बडबड केली आणि पुढे नांदूर नाक्यापर्यंत गुणगुणत राहिली. रंगनाथने गाडी मुद्दाम हळू चालवली.

मुलींकडे नेमबाजीची दोनच जाकिटं होती आणि सातजणी ती आळीपाळीने घालायच्या. खांदा आणि कंबर डळमळू नये म्हणून ती ताठ, जाड कापडाची असतात. निघताना रंगनाथने त्यातलं एक बोटांत चुरगाळून पाहिलं होतं. सोमवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्याने गठ्ठ्यातून पांढरी कॅनव्हासची ताडपत्री काढून फळीवर पसरली. आदल्या आठवड्यापासून तारीख घेऊन बसलेला ट्रकवाला दारात उभा होता.

“माझी ताडपत्री झाली का, शेठ?”

“उद्या. आज एक अर्जंट काम आलंय.”

डबा घेऊन आलेल्या फुलाबाईला त्याने भर दुकानात सरळ उभं केलं आणि हात पसरायला लावले. आजवर त्याने हजारभर ट्रकची मापं घेतली होती, बायकोची कधीच नाही. तिला गुदगुल्या होत होत्या, तरी ती हसू दाबून उभी राहिली.

“हलू नको,” रंगनाथ म्हणाला. “खांदा पंधरा.”

ट्रकवाल्याने खडू उचलला आणि फळीवर आकडा लिहून घेतला.